खोलीत नसलेल्या माणसांशी वाटाघाट

दोन देशांतल्या कंपन्यांमधला पुरवठ्याचा करार असो, दोन विद्यापीठांचा संयुक्त संशोधन प्रकल्प असो किंवा शंभराहून अधिक राष्ट्रांनी मिळून करायचा पर्यावरणविषयक करार असो, वाटाघाटीच्या टेबलापाशी बसलेल्या माणसाच्या हाती अंतिम निर्णय क्वचितच असतो. त्याच्यामागे त्याचे वरिष्ठ असतात, वित्त विभाग असतो, कायदेशीर सल्लागार असतात. तो एखाद्या देशाचा प्रतिनिधी असेल तर मंत्रिमंडळ, संसद आणि मतदारही असतात. यांपैकी कोणीही खोलीत हजर नसते, पण करार होणार की नाही आणि झाला तर टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा तेच ठरवतात. आपण जे बोलतो ते समोरचा माणूस स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या शब्दांत आणि स्वतःच्या सोयीने त्यांच्यापर्यंत नेणार असतो. आंतरराष्ट्रीय कामासाठी वाटाघाट आणि संवाद शिकायचा म्हणजे आपल्या बोलण्याच्या या पुढच्या प्रवासाचा विचार करायला शिकायचे. हजरजबाबीपणा, आत्मविश्वासाने बोलणे, समोरच्यावर छाप पाडणे या गोष्टी उपयोगी पडतात हे खरे, परंतु बहुतेक प्रशिक्षणवर्गांत त्यांना जेवढे महत्त्व मिळते तेवढ्याला त्या पात्र नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घरच्या आघाडीकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहाच्या वेळी दिसले. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन १९१९ मध्ये कित्येक महिने पॅरिसमध्ये राहून स्वतः वाटाघाटी करत होते आणि राष्ट्रसंघाची कल्पना त्यांनी इतर विजेत्या राष्ट्रांच्या गळी उतरवली. तहाला मंजुरी देण्याचा अधिकार मात्र अमेरिकेच्या सिनेटकडे होता. तिथे विरोधी पक्षाचे बहुमत होते आणि विल्सन यांच्या शिष्टमंडळात सिनेटचा एकही सदस्य नव्हता. सिनेटने नोव्हेंबर १९१९ मध्ये आणि पुन्हा मार्च १९२० मध्ये तह नामंजूर केला, आणि ज्या संघटनेसाठी विल्सन यांनी एवढा आटापिटा केला तिच्यात अमेरिका कधीच सामील झाली नाही.

या प्रकाराला अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये दोन पातळ्यांवरचा खेळ असे नाव दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, वाटाघाट करणारा माणूस एकाच वेळी दोन टेबलांपाशी बसलेला असतो. एका टेबलापाशी परके, दुसऱ्यापाशी आपले. आपल्या माणसांना पटू शकतील अशा करारांचा प्रत्येक बाजूचा एक पट्टा असतो आणि हे दोन पट्टे जिथे एकमेकांवर येतात तेवढ्याच जागेत करार शक्य असतो. यातून एक उलटी वाटणारी गोष्टही निघते. घरून हात बांधलेला माणूस कधी कधी अधिक बळकट ठरतो, कारण ‘मला वैयक्तिकरीत्या पटते आहे, पण आमचे संचालक मंडळ हे मान्य करणार नाही’ असे तो म्हणू शकतो आणि तेवढ्यावर दुसऱ्या बाजूला पाऊल मागे घ्यावे लागते. ही अडचण खरी की निव्वळ सबब, हे ओळखायचे तर समोरच्याच्या घरची व्यवस्था माहीत असायला हवी: सही कोणाची लागते, मंजुरी किती टप्प्यांत होते, त्यांचे आर्थिक वर्ष कधी संपते, त्यांच्या कोणत्या विभागाचे कोणत्या विभागाशी पटत नाही. नवखी माणसे स्वतःचे मुद्दे तोंडपाठ करून जातात आणि ही माहिती मात्र गोळा करत नाहीत. वास्तविक यातली बरीचशी माहिती सरळ विचारली तरी मिळते. ‘हे तुमच्याकडे पुढे कोणाकोणाच्या नजरेखालून जाईल?’ या प्रश्नात कोणाला वावगे वाटण्यासारखे काही नसते.

मागणीच्या मागे काय आहे

वाटाघाटींच्या अभ्यासात मागणी आणि हित यांत फरक केला जातो. माणूस तोंडाने मागतो ती मागणी, आणि ज्या कारणासाठी मागतो ते हित. हार्वर्ड विद्यापीठात १९७९ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटीविषयक प्रकल्पाने हा फरक जगभर रूढ केला. तो समजावताना बहुतेक जण सिनाई द्वीपकल्पाचे उदाहरण देतात. १९६७ च्या युद्धात इस्राएलने सिनाई ताब्यात घेतले. इजिप्तला ते संपूर्ण परत हवे होते, तर इस्राएलला त्याचा काही भाग तरी आपल्याकडे ठेवायचा होता. नकाशावर रेघ कुठेही ओढली तरी कोणी ना कोणी नाराज होणारच होते. कारण विचारल्यावर मात्र चित्र बदलले. इस्राएलला वाळवंटाची हाव नव्हती, आपल्या सीमेला लागून इजिप्तचे रणगाडे उभे राहू नयेत ही त्याची चिंता होती. इजिप्तला आपल्या भूमीवर आपलाच झेंडा हवा होता. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिड येथे १३ दिवस चाललेल्या बोलण्यांतून जी चौकट तयार झाली तिच्यात सिनाई संपूर्णपणे इजिप्तला मिळाले आणि तिथे किती सैन्य ठेवायचे यावर कडक मर्यादा आल्या. मार्च १९७९ मध्ये शांतता करारावर सह्या झाल्या आणि एप्रिल १९८२ मध्ये इस्राएलची माघार पूर्ण झाली.

मला या उदाहरणात हितापेक्षाही तिथे वापरलेली पद्धत अधिक शिकण्यासारखी वाटते. इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात आणि इस्राएलचे पंतप्रधान मेनाकेम बेगिन यांच्या सुरुवातीच्या भेटींतच इतकी कटुता आली की अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या दोघांना समोरासमोर बसवणे जवळजवळ थांबवले. त्यानंतर अमेरिकी चमूने स्वतःचा एकच मसुदा तयार केला आणि तो आळीपाळीने दोन्ही बाजूंकडे नेला. ‘हे मान्य आहे का?’ असा प्रश्न कोणालाच विचारला नाही. ‘यात काय चुकते आहे, ते सांगा’ एवढेच विचारले. टीका ऐकायची, मसुदा दुरुस्त करायचा, पुन्हा न्यायचा, असे करत तो विसाहून अधिक वेळा लिहिला गेला. होकार देणे म्हणजे माघार घेणे अशी भावना माणसाच्या मनात असते, पण दुसऱ्याच्या मसुद्यातली चूक दाखवताना कोणालाही माघार घेतल्यासारखे वाटत नाही. शेवटी दोन्ही नेत्यांपुढे एकच निर्णय उरला: हा सुधारलेला मसुदा घ्यायचा की रिकाम्या हाताने परतायचे. तिऱ्हाईत मध्यस्थ नसलेल्या साध्या व्यापारी बोलण्यांतही ही पद्धत चालते. दोन वेगवेगळे प्रस्ताव एकमेकांवर आदळत बसण्याऐवजी एकाच कागदावर दोघांनी दुरुस्त्या करत जायचे, एवढाच तिचा अर्थ आहे.

आता एक रोजच्या कामातली स्थिती जवळून पाहू. एक खरेदीदार कंपनी म्हणते, बिल मिळाल्यापासून ९० दिवसांनी पैसे देऊ. परदेशी पुरवठादार म्हणतो, ३० दिवसांच्या वर एक दिवसही थांबणार नाही. सर्वसाधारण माणूस इथे ६० दिवसांचा मध्य काढतो आणि दोन्ही बाजूंच्या घरी कुरकुर सुरू होते. पुरवठादाराने ‘९० दिवसच का?’ असे शांतपणे विचारले, तर कळते की खरेदीदाराच्या वित्त विभागाने सर्व करारांसाठी तो नियमच केला आहे आणि समोर बसलेल्या अधिकाऱ्याला तो मोडण्याचा अधिकार नाही. खरेदीदाराने तोच प्रश्न उलट विचारला, तर कळते की पुरवठादाराला कच्चा माल आगाऊ पैसे देऊन घ्यावा लागतो, त्यामुळे त्याची खरी अडचण बिलानंतरच्या दिवसांची नसून उत्पादनापूर्वीच्या पैशांची आहे. मग बिलाचा नियम ९० दिवसांचाच ठेवून कच्च्या मालासाठी काही रक्कम बँक हमीवर आगाऊ देण्याची वाट दिसते. यात पैशांची सोय झाली हे तर खरेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे खरेदीदाराचा अधिकारी आपल्या वित्त विभागाला ‘९० दिवसांचा नियम अबाधित आहे’ असे सांगू शकतो आणि पुरवठादाराचा प्रतिनिधी आपल्या मालकाला ‘आगाऊ रक्कम मिळवली’ असे सांगू शकतो. दोघांच्याही हाती घरी नेण्यासारखे एक वाक्य आले.

तयारीत याखेरीज आणखी एक गोष्ट लिहून काढावी लागते: करार झालाच नाही तर आपल्या हाती उरणारा सर्वांत चांगला पर्याय कोणता? दुसरा पुरवठादार, दुसरा भागीदार, किंवा काम वर्षभर पुढे ढकलणे, यांपैकी जे असेल ते आकड्यांसह लिहावे. तुमचे बळ आवाजाच्या चढउतारावर अवलंबून नसते, ते या पर्यायावर असते; पर्याय सुधारण्यात घालवलेला एक आठवडा टेबलावरच्या कोणत्याही युक्तीपेक्षा जास्त देतो. समोरच्याचा असा पर्याय काय असेल याचाही अंदाज बांधावा आणि तो अंदाज आहे हे विसरू नये.

आकडा कोणी आधी सांगावा, यावर मात्र नको तितकी चर्चा होते. एवढे ठाऊक असावे की पहिला आकडा मनाला खिळवून ठेवतो. मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनिएल कानमन यांनी १९७४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात लोकांसमोर आकड्यांचे एक चाक फिरवले जाई आणि ते १० किंवा ६५ यांवरच थांबेल अशी व्यवस्था केलेली होती. त्यानंतर संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्यांत आफ्रिकी देश किती टक्के आहेत, असा अंदाज विचारला जाई. १० पाहिलेल्यांच्या अंदाजाचा मध्यक २५ आला आणि ६५ पाहिलेल्यांचा ४५. चाकाचा त्या प्रश्नाशी काडीचाही संबंध नव्हता. म्हणून विषयाची पुरती माहिती असेल तर पहिला आकडा कारणांसह आपणच मांडावा. माहिती अपुरी असेल तर समोरच्याचा आकडा ऐकून त्यावर लगेच घासाघीस न करता तो कशावरून काढला हे आधी विचारावे.

घरी नेण्यासारखे वाक्य कधी कधी गुप्ततेतूनही मिळते. सोव्हिएत संघाने क्युबात क्षेपणास्त्रे ठेवल्यामुळे ऑक्टोबर १९६२ मध्ये उद्भवलेल्या पेचप्रसंगात सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांच्याकडून अमेरिकेला एका दिवसाच्या अंतराने दोन वेगळे संदेश आले. पहिल्यात, क्युबावर आक्रमण न करण्याचे वचन द्या म्हणजे क्षेपणास्त्रे काढून घेऊ, असा सूर होता; दुसऱ्यात तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रे हलवण्याची वाढीव अट होती. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी जाहीरपणे पहिल्याच संदेशाला अनुसरून उत्तर दिले आणि त्याच संध्याकाळी त्यांचे बंधू रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना खासगीत सांगितले की तुर्कस्तानातली क्षेपणास्त्रेही जातील, फक्त त्याचा जाहीर उच्चार होता कामा नये. ती १९६३ च्या एप्रिलपर्यंत हलवलीही गेली. एवढी गुप्तता इतिहासाच्या आणि लोकशाहीच्या दृष्टीने योग्य होती का, हा वेगळा वाद आहे. वाटाघाटीच्या दृष्टीने त्यातले तंत्र एवढेच की काय द्यायचे आणि ते कोणासमोर द्यायचे, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

बोललेले पोहोचले का

त्याच पेचप्रसंगात दोन्ही राजधान्यांमधले संदेश पोहोचून उलगडायला तासन्‌तास लागत होते, म्हणून जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्काची सोय करण्याचा करार झाला. चित्रपटांमुळे हा लाल रंगाचा दूरध्वनी होता असा समज पसरला आहे. प्रत्यक्षात ती टेलिप्रिंटरची जोडणी होती आणि प्रत्येक बाजू आपापल्या भाषेत लेखी मजकूर पाठवत असे. आणीबाणीच्या क्षणी अर्धवट ऐकलेल्या शब्दावर आणि घाईच्या भाषांतरावर निर्णय होऊ नये, मजकूर नीट वाचता यावा, सहकाऱ्यांना दाखवता यावा, हा त्यामागचा विचार होता. दूरदृश्य बैठकांची आजची रेलचेल पाहिली की हा शहाणपणा मागे पडल्यासारखा वाटतो. जी गोष्ट तिसऱ्या माणसापर्यंत जाणार आहे ती बोलून झाल्यावर लिहून पाठवलीच पाहिजे.

बोललेले आणि पोहोचलेले यांत किती अंतर पडू शकते हे विमानवाहतुकीइतके निष्ठुरपणे दुसऱ्या कोणत्याही क्षेत्राने शिकवलेले नाही. २५ जानेवारी १९९० रोजी अविआंका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान खराब हवामानामुळे न्यूयॉर्कजवळ दीर्घकाळ घिरट्या घालत राहिले, त्यातले इंधन संपले आणि ते कोसळले. विमानातल्या १५८ जणांपैकी ७३ जण मृत्युमुखी पडले. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर वैमानिकाने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये सांगितले होते की आपण आणीबाणीत आहोत असे नियंत्रकाला कळव. सहवैमानिकाने इंग्रजीत इंधन संपत चालल्याचे सांगितले, पण आणीबाणी हा ठरलेला शब्द वापरला नाही, आणि तो न ऐकल्यामुळे नियंत्रकांनी या विमानाला तातडीने वाट करून दिली नाही. सहवैमानिकाला इंग्रजी येत होते. वाक्यही व्याकरणदृष्ट्या चुकले नव्हते. निकड तेवढी वाटेत गळाली.

वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात यावर एक जुना उपाय आहेच: मिळालेली सूचना ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायची, आणि सांगणाऱ्याने ती बरोबर आहे की नाही हे तपासायचे. ही सवय बैठकीत आणणे अवघड नाही. ‘समजले ना?’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर जगभर ‘हो’ असेच येते. ‘मी समजलो ते असे, दुरुस्त करा’ असे म्हणून समोरच्याचे म्हणणे आपण मांडावे. समोरचा माणूस परक्या भाषेत बोलत असेल तर त्याला लांबलचक खुलासा करायला लावण्यापेक्षा हे त्याच्याही दृष्टीने सोपे असते, आणि आपले म्हणणे नीट ऐकले गेले याची खात्रीही त्याला पटते. माझ्या मते, एकच कौशल्य शिकायला वेळ असेल तर हे शिकावे.

लेखी मजकुराचीही तीच तऱ्हा. ‘कृपया लवकरात लवकर कळवावे आणि शक्यतो महिनाअखेरपर्यंत माल पाठवावा’ हे वाक्य सौजन्याचे वाटते, पण परदेशी कार्यालयात ते तीन माणसांच्या हातांतून गेले की त्याचे तीन अर्थ होतात. लवकर म्हणजे केव्हा? महिनाअखेरपर्यंत माल निघायचा की पोहोचायचा? आणि ‘शक्यतो’ म्हणजे नाही पाठवला तरी चालेल का? तेच असे लिहिता येते: ‘माल ३० जूनपर्यंत तुमच्या बंदरात जहाजावर चढलेला हवा. हे जमणार असेल तर १० जूनपर्यंत लेखी कळवावे. जमणार नसेल तर कोणती तारीख जमेल ते कळवावे.’ यात उद्धटपणा कुठेच नाही, उलट नकार देण्याची सोपी वाट समोरच्याला मिळाली आहे. महिना अक्षरांत लिहिला आहे हेही लक्षात घ्यावे, कारण केवळ आकड्यांत लिहिलेली तारीख काही देशांत दिवस आधी धरून वाचतात आणि काही देशांत महिना आधी धरून. जहाजावर माल चढल्यावर जोखीम कोणाची, यांसारख्या प्रश्नांसाठी आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ पासून ठरावीक संज्ञा तयार केल्या आहेत आणि त्यांच्या २०२० च्या आवृत्तीत अशा ११ संज्ञा आहेत. माल विकत नसलेल्यानेही त्या एकदा वाचाव्यात. खोलीत नसलेल्या माणसालाही एकच अर्थ लागेल असे लेखन कसे असते, याचा तो उत्तम नमुना आहे.

मौनाबद्दल एक तपशील. काही ठिकाणी गप्प राहणे म्हणजे विचार करणे, काही ठिकाणी ती नाराजी, आणि काही ठिकाणी तो सभ्य नकार असतो. मौन म्हणजे संमती असे मात्र धरून चालू नये. आंतरराष्ट्रीय मालविक्रीच्या करारांविषयीचा संयुक्त राष्ट्रसंघाचा व्हिएन्ना करार १९८० चा आहे आणि तो १९८८ पासून अमलात आहे. त्याच्या १८ व्या कलमात स्पष्टच म्हटले आहे की केवळ मौन किंवा निष्क्रियता म्हणजे प्रस्तावाचा स्वीकार होत नाही.

अमुक देशातले लोक असे वागतात आणि तमुक देशातले तसे, अशी कोष्टके प्रशिक्षणात हमखास वाटली जातात. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेला फरक त्यांच्या मुळाशी असतो: काही समाजांत बहुतेक अर्थ शब्दांत असतो, तर काहींत तो प्रसंग, नाते आणि न बोललेल्या गोष्टींत असतो. ही कल्पना उपयोगी आहे. तिची कोष्टके झाली की घोटाळा होतो, कारण एकाच देशातला अभियंता आणि वकील यांच्या बोलण्याच्या रीतींत जितका फरक पडतो तितका दोन देशांतल्या दोन अभियंत्यांत अनेकदा पडत नाही. कोष्टक हा पहिला अंदाज समजावा आणि पहिल्या भेटीतच तो खोडायची तयारी ठेवावी. ‘बघू, विचार करतो’ असे उत्तर आले तर तो नकार आहे की खरोखरच विचार करायचा आहे, हे कोष्टकावरून कळत नाही. ‘विचार करताना तुम्हांला कोणत्या मुद्द्याची अडचण वाटेल?’ असे विचारल्यावर बरेचसे कळते.

दुभाष्याबरोबर काम करणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते फार थोड्यांना शिकवले जाते. न्यूरेंबर्ग येथे नोव्हेंबर १९४५ पासून चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत एकाच वेळी अनुवाद केला जात होता. बोलणारा फार वेगाने बोलू लागला की पिवळा दिवा लागे, आणि लाल दिवा लागला की थांबावेच लागे. तो पिवळा दिवा आज आपल्याला मनातच लावून घ्यावा लागतो. एकाच वेळी अनुवाद करणारे दुभाषी साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलतात, इतके ते काम मेंदूला शिणवते. यावरून घाईने, वाक्यात वाक्य गुंतवून बोलणे त्यांच्यावर किती अन्याय करते हे समजावे. मसुदे, आकडे आणि संस्थांची नावे त्यांना आदल्या दिवशी द्यावीत. बोलताना नजर दुभाष्याकडे न ठेवता ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे ठेवावी. महत्त्वाचा आकडा तोंडी सांगून शिवाय कागदावर लिहून दाखवावा आणि विनोदाचा मोह आवरावा. वाक्य संपल्यावर थांबून होणारा अनुवाद असेल तर बैठकीला दुप्पट वेळ धरावा. त्या वेळेचा फायदाही आहे: कित्येक अनुभवी राजदूत समोरच्याची भाषा येत असूनही दुभाष्यामार्फत बोलतात, कारण तेवढा वेळ उत्तराचा विचार करायला मिळतो.

पक्ष अनेक असतात तेव्हा

दोनाऐवजी दीडशे पक्ष आले की कार्यपद्धतीचा प्रश्न आशयाइतकाच महत्त्वाचा होऊन बसतो. व्हिएतनाम युद्धावरच्या पॅरिसमधल्या चर्चेत टेबलाचा आकार कसा असावा यावर कित्येक आठवडे गेले आणि जानेवारी १९६९ मध्ये एक गोल टेबल आणि त्याच्या दोन बाजूंना दोन लहान आयताकृती टेबले असा तोडगा निघाला. हे वाचून हसू येते, पण वाद लाकडी टेबलाचा नव्हताच. किती बाजू मान्य करायच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनाममधल्या बंडखोर आघाडीला स्वतंत्र पक्ष मानायचे की नाही, हा मूळ युद्धाचाच प्रश्न होता. बैठकीची कार्यसूची, बसण्याची रचना, कोणाचा मसुदा आधाराला घ्यायचा असे क्षुल्लक वाटणारे वाद सुरू झाले की त्यांच्या आड कोणता आशय दडला आहे ते शोधावे.

मोठ्या परिषदांत मतदानापेक्षा सहमतीवर भर असतो आणि अनेक विषयांची एकत्र मोट बांधली जाते. समुद्री कायद्याची परिषद १९७३ पासून १९८२ पर्यंत चालली, कारण प्रादेशिक समुद्र, सामुद्रधुनींतून जाण्याचा हक्क, मासेमारी आणि समुद्रतळावरची खनिजे यांची एकच गाठोडी करायची असे ठरले होते: एका विषयात ज्याचे नुकसान होते त्याला दुसऱ्यात काही मिळावे. ओझोन थराच्या रक्षणासाठीच्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात देवघेवीसाठी वेळच वापरला गेला. विकसनशील देशांना निर्बंध लागू होण्यापूर्वी दहा वर्षांची सवलत मिळाली आणि १९९० मध्ये त्यांच्यासाठी निधीही उभारला गेला. किंमत हलत नसेल तर तारीख हलते का पाहावे, हा धडा लहान करारांनाही लागू पडतो.

शिकायचे कसे

वाचून हे ज्ञान येते, सवय लागत नाही. सवयीसाठी सर्वांत चांगले साधन म्हणजे भूमिका घेऊन केलेला सराव. दोन्ही गटांना एकच सामाईक माहिती आणि प्रत्येकाला वेगळ्या गुप्त सूचना द्याव्यात, तासाभराची वाटाघाट करावी आणि मग दोन्ही गुप्त सूचना सर्वांसमोर उघड कराव्यात. समोरच्याला जी गोष्ट फुकट देता येत होती तिच्यासाठी आपण मोठी किंमत मोजली, हे त्या वेळी कागदावर दिसते आणि ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा जास्त लक्षात राहते. यात एक भर मी सुचवेन: प्रत्येक गटाचे दोन सदस्य खोलीबाहेर ‘घरचे वरिष्ठ’ म्हणून बसवावेत आणि करार त्यांना समजावून त्यांची मंजुरी मिळवल्याशिवाय सराव पूर्ण धरू नये. नंतर भूमिका उलटवून तोच प्रसंग पुन्हा करावा. जिनिव्हातली संयुक्त राष्ट्रसंघाची प्रशिक्षण व संशोधन संस्था आणि हेगमधली क्लिंगेनडाल संस्था असे शिक्षण पद्धतशीरपणे देतात, पण चार समविचारी सहकारी आणि एक नीट लिहिलेला प्रसंग एवढ्यावरही सुरुवात होते.

भाषेच्या बाबतीत, उच्चार घासून पुसून घेण्यात वर्ष घालवण्याऐवजी काही ठरावीक कामे त्या भाषेत करण्याचा सराव करावा: नकार देऊन दुसरा पर्याय सुचवणे, समोरचे बोलणे मध्येच थांबवून खुलासा मागणे, अटींसह होकार देणे, आणि अर्ध्या तासाच्या चर्चेचा गोषवारा पाच वाक्यांत सांगणे. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांनीही शिकायचे असतेच. बहुभाषिक बैठकीत अडचण अनेकदा त्यांच्याच म्हणींमुळे, वेगामुळे आणि अर्धवट सोडलेल्या वाक्यांमुळे होते.

प्रत्यक्ष कामात नव्याने आलेल्याने टेबलावर बोलण्याची संधी मागण्यापेक्षा इतिवृत्त लिहिण्याचे काम मागून घ्यावे. कोण काय म्हणाले, कोणत्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, कोणता आकडा कोणी पहिल्यांदा उच्चारला, कोणत्या मुद्द्यावर समोरच्या गटाने एकमेकांकडे पाहिले, हे टिपणाऱ्याला वाटाघाट जितकी स्पष्ट दिसते तितकी बोलणाऱ्याला दिसत नाही. मसुदा त्याच दिवशी दोन्ही बाजूंना पाठवावा आणि ठरलेले, न ठरलेले आणि कोणी केव्हापर्यंत काय करायचे, हे तीन भाग वेगळे ठेवावेत. समोरून ज्या दुरुस्त्या येतील त्या जपून ठेवाव्यात, कारण पुढच्या बैठकीची तयारी करताना त्यांच्या घरी कोणते वाक्य टोचले हे त्याच दुरुस्त्या सांगतात.